पैनगंगेकाठी उरलेली हिमनदीची खूण

ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून खाडीपलीकडच्या पारसिकच्या डोंगरापर्यंत जमिनीखाली जो कातळ पसरला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थिजून झालेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, असल्यामुळे आणि पुढच्या हिमयुगांतही कोकण-सह्याद्रीत हिमनद्या अवतरल्या नसल्यामुळे, बर्फाने वाहून आणलेली शिळा ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडणे शक्य नाही. महाराष्ट्रात ही खूण पाहायची तर चंद्रपूर जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठावरील इरई या गावी जावे लागते.

हिमनदी म्हणजे स्वतःच्या भाराने संथपणे सरकणारा बर्फाचा प्रचंड थर. तो वाटेतले दगड उखडून तळाशी धरतो, त्यांनी खालचा खडक कानशीसारखा घासतो आणि वितळताना सारा माल, मोठ्या शिळांपासून पिठासारख्या मातीपर्यंत, न निवडता तिथेच टाकतो. नदीच्या पाण्यात गोटे सर्व बाजूंनी गोल होतात. बर्फात धरलेल्या दगडाचे मात्र एखादे अंग घासून सपाट होते आणि त्यावर समांतर ओरखडे उमटतात. इरई येथे असे दगड आहेतच, शिवाय त्यांच्याखालच्या चुनखडकाचा पृष्ठभागही गुळगुळीत झालेला आणि ओरखडलेला आहे.

ओडिशातील तालचेर येथील शिळा बर्फाने आणल्या असाव्यात, असे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी 1856 मध्ये सुचवले होते. उष्ण कटिबंधातील देशात बर्फ कुठला, ही शंका त्यावर स्वाभाविकच होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या फेडन यांनी इरईचा पुरावा 1875 मध्ये प्रसिद्ध केला, त्याने या अनुमानाला बळ मिळाले. हे थर सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होऊन दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता तेव्हाचे आहेत. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियातील त्याच काळच्या खुणा भूखंड सरकतात या आपल्या मताचा पुरावा म्हणून वेगेनर यांनी पुढे मांडल्या.

अशा खुणा जपाव्याही लागतात. स्वित्झर्लंडमध्ये मोंते येथील, बर्फाने आणलेली एक अवाढव्य ग्रॅनाइटची शिळा विसाव्या शतकाच्या आरंभी दगडफोड्यांच्या हाती जाणार होती, ती लोकवर्गणीतून विकत घेऊन वाचवण्यात आली. आपल्याकडे 1958 चा स्मारकविषयक कायदा मुख्यतः माणसाने घडवलेल्या वास्तूंकडे व लेण्यांकडे पाहतो, 1972 चा कायदा वन्यजीवांकडे. निव्वळ खडक दोहोंच्या फटीत राहतो. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही बेसाल्टच्या उभ्या स्तंभांची टेकडी 2007 मध्ये महापालिकेच्या वारसा यादीत आली खरी, परंतु तोवर तिचा बराच भाग खडी होऊन गेला होता. माथ्यावरील गावदेवीच्या मंदिराचा आधार तिला कायद्याहून आधी मिळाला असावा. भूवारसा स्थळांसाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध केला.

सुटी शिळा, निदान तत्त्वतः, उचलून संग्रहालयात नेता येते. इरईच्या तळखडकाचे तसे नाही. बर्फ कोणत्या रेषेत सरकला हे ओरखड्यांची दिशा होकायंत्राने मोजून ठरवतात, आणि खडकाचा तुकडा काढून फिरवला की ती दिशा कायमची हरवते. त्यातच हा चुनखडक सिमेंटचा कच्चा माल आणि चंद्रपूर सिमेंट कारखान्यांचा जिल्हा, त्यामुळे तिथे रक्षण म्हणजे जागच्या जागी केलेले रक्षणच.