दुसऱ्याची दुपार, कोल्हापूरची मध्यरात्र

दूरचित्रवाणीच्या कारभारात रात्री अकरानंतरचा काळ हा एक निराळा मुलूख समजला जातो. सायंकाळी आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर एकत्र बसले असता जे दाखविणे प्रशस्त वाटते त्याला तेथे गिऱ्हाईक नसते, आणि जे सायंकाळी कोणी खपवून घेणार नाही त्याला तेथे बिनदिक्कत आसरा मिळतो. अमेरिकेत या मुलुखावर गेली सत्तर वर्षे अंमल आहे तो टेबलामागे बसून गप्पा मारणाऱ्या एका इसमाचा. आमच्या करवीर नगरीत त्याच प्रहरावर अंमल आहे तो फुटबॉलचा. या दोन राजवटींचा परस्परांशी काही संबंध असेल असे वरवर पाहता कोणासही वाटणार नाही. परंतु दोहोंचे दप्तर थोडे चाळले तर असे दिसून येते, की ज्याला आपण रात्रीचा कार्यक्रम म्हणतो तो बहुधा रात्री घडतच नाही. तो कोणाच्या तरी भर दिवसा घडतो, आणि तो रात्री कोणी पाहावा हे घड्याळ, भूगोल व जाहिरातदार हे तिघे मिळून ठरवितात.

प्रथम अमेरिकेची व्यवस्था पाहू. एनबीसी, सीबीएस व एबीसी ही तेथील तीन जुनी नेटवर्के. परंतु देशातील बहुतेक गावांत त्यांची स्वतःची केंद्रे नाहीत. गावोगावच्या स्वतंत्र केंद्रांशी त्यांचे करार झालेले असतात, आणि दिवसातले अमुक तास नेटवर्कचे व तमुक तास केंद्राचे अशी वाटणी मुक्रर असते. पूर्व किनाऱ्यावर रात्री अकराला केंद्र आपल्या गावच्या बातम्या आणि हवामान सांगते, आणि अर्ध्या तासाने नेटवर्क पुन्हा सूत्रे हाती घेते. त्या वेळी मुले झोपलेली असतात, वडील मंडळी अंथरुणाला टेकलेली असतात, आणि प्रेक्षकसंख्या घटलेली असल्यामुळे महागडे नाटक उभे करणे परवडत नाही. या अडचणीतून स्वस्त व टिकाऊ अशी एक तोड निघाली: एकच रंगमंच, एक टेबल, पाहुण्यांसाठी एक सोफा, कोपऱ्यात वाद्यवृंद, आणि दिवसभरच्या घडामोडींवर चार विनोद करून पाहुण्यांशी गप्पा मारणारा यजमान. २७ सप्टेंबर १९५४ रोजी स्टीव्ह ॲलन याने एनबीसीवर ‘टुनाइट’ सुरू केले. मागून जॅक पार आला. आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, जॉनी कार्सन याने ती गादी अशी काही सांभाळली, की राष्ट्राध्यक्षांच्या मागून राष्ट्राध्यक्ष बदलले तरी निजण्यापूर्वीचा तो चेहरा बदलला नाही. पुढे डेव्हिड लेटरमनने त्याच साच्याची टवाळी करीत तोच साचा चालविला, आणि एबीसीने मात्र १९७९ साली तेहरानमधील अमेरिकी वकिलात ओलीस धरली गेली तेव्हा दररोज रात्री दिलेल्या वार्तापत्रातून ‘नाइटलाइन’ हा गंभीर कार्यक्रम उभा केला.

या साऱ्या थाटातील गंमत अशी, की मध्यरात्रीच्या या गप्पा ध्वनिचित्रमुद्रित होतात त्या दिवस मावळण्यापूर्वी किंवा त्या सुमारास. यजमान पाठीमागे झगमगणाऱ्या नगराचे चित्र लावून ‘आज रात्री’ असे म्हणतो तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर बहुधा कचेऱ्या सुटत असतात, आणि प्रेक्षक त्याला शुभरात्री म्हणतो त्या वेळी तो आपल्या घरी भोजन उरकून स्वस्थ बसलेला असण्याचा संभव असतो. शनिवारी रात्री साडेअकराला लागणारा, ११ ऑक्टोबर १९७५ पासून चालत आलेला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा याला ठळक अपवाद. तेथे चूक झाली तर ती झाकावयास वेळ नसतो, आणि त्याच्या लौकिकाचे अर्धे मर्म यातच आहे.

हा साचा आपल्याकडे आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. शेखर सुमन यांचा ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ हा हिंदी कार्यक्रम १९९७ साली आला आणि टेबल, सोफा, राजकीय कोपरखळ्या हे सारे साहित्य त्याने इमानाने वापरले. मराठीत चित्रपटाचा चमू घेऊन यायचे, थट्टामस्करी करायची आणि जाता जाता चित्रपटाची जाहिरात उरकायची, हा त्या पद्धतीचा गाभा २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने उचलला, मात्र तो रात्री साडेनऊच्या सुमारास, घरातल्या सर्वांच्या देखत. मराठी घरात दूरचित्रवाणी संच हा पुष्कळ काळ बैठकीच्या खोलीत, सामाईक मालकीचा राहिला. शेजघरात दुसरा संच ठेवण्याची चैन अमेरिकेत सर्रास झाली तशी ती येथे झाली नाही. त्यामुळे अकरानंतर आपल्या वाहिन्यांवर मालिकांचे पुनःप्रक्षेपण आणि वस्तू खपविणाऱ्या लांबलचक जाहिराती एवढेच शिल्लक राहिले.

असे असूनही कोल्हापूर रात्री जागते, आणि ते काही आजचे नाही. संगीत नाटके पहाटेपर्यंत चालण्याच्या काळात या शहराने रात्रीच्या रात्री नाट्यगृहात काढल्या; बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने आणि १९२९ साली येथेच जन्मलेल्या ‘प्रभात’ने या शहराला चित्रपटाचे वेड लावले, तेव्हापासून शेवटचा खेळ पाहून दीड वाजता सायकली हाकीत घरी परतणे हे येथे सभ्यपणाच्या विरुद्ध समजले गेले नाही; आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हशीची धार काढवून फेसाळते दूध पिणारी मंडळी रात्र चढेपर्यंत रेंगाळतच असतात. तथापि जागण्याचे सर्वांत सबळ कारण येथील तालमींनी पुरविले. कुस्तीसाठी स्थापन झालेल्या या तालमींनी पुढे फुटबॉलही आपलासा केला, आणि आज पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे येथे उच्चारली जातात ती पेठेच्या अब्रूचा प्रश्न म्हणून. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १९१२ साली पुरे झालेले खासबाग मैदान कुस्तीचे, तर शाहू स्टेडियम फुटबॉलचे. हंगामात तेथे दुपारचा सामना असला की पेठेतील दुकानदाराचे चित्त गल्ल्यावर नसते, आणि हुल्लडबाजीपायी सामना तहकूब करण्याची पाळी कधी आली तर दोन्ही पेठांत त्याची चौकशी पुढे महिनाभर चालते.

ज्या गावाची दुपार अशी तयार झालेली, त्याला जगाचा फुटबॉल पाहण्यास रात्र द्यावी लागेल हे ओघानेच आले. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, १९८४ च्या सुमारास लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर झपाट्याने पसरले, आणि १९८६ ची मेक्सिकोतील विश्वचषक स्पर्धा भारतातील सामान्य प्रेक्षकाच्या घरात थेट येऊन पोहोचली. त्या स्पर्धेतील पुष्कळ सामने मेक्सिकोच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बाराला सुरू झाले. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर, विरळ हवेत, माथ्यावर जूनचे ऊन घेऊन धावणे म्हणजे काय याची जाणीव खेळाडूंना होती, आणि मॅराडोनासकट कित्येकांनी उघड तक्रारही केली. परंतु मेक्सिकोचे बारा म्हणजे लंडनचे सायंकाळचे सात व पॅरिसचे आठ. युरोपातील कुटुंबे जेवणाच्या सुमारास संचासमोर बसावीत म्हणून अर्ध्या जगापलीकडच्या खेळाडूंनी ऊन सोसावे, असा तो सरळ जमाखर्च होता. या जमाखर्चात कोल्हापूरचे नाव कोणाच्या वहीत नव्हते. तरीही त्याच हिशेबाने येथील घड्याळात रात्रीचे साडेअकरा वाजले.

२२ जूनच्या रात्री अर्जेंटिना व इंग्लंड यांचा उपांत्यपूर्व सामना असाच साडेअकराला सुरू झाला. पूर्वार्ध कोरा गेला. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा आपल्याकडे तारीख बदलून सोमवार उजाडला होता, आणि साडेबारा वाजून काही मिनिटे होतात न होतात तोच, एक्कावन्नाव्या मिनिटाला, इंग्लंडच्याच खेळाडूच्या पायाला लागून उंच उडालेल्या चेंडूकडे गोलरक्षक शिल्टन आणि त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका मॅराडोना एकदम झेपावले. चेंडू जाळ्यात गेला तो मॅराडोनाच्या डाव्या मुठीने, हे पंचाखेरीज पुष्कळांच्या ध्यानात आले. त्यानंतर चारच मिनिटांनी तोच माणूस आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघाला, एकामागून एक इंग्लिश खेळाडू त्याने मागे टाकले, शेवटी शिल्टनलाही चकविले आणि चेंडू ढकलून दिला. एकाच माणसाने चार मिनिटांच्या अंतराने केलेली लबाडी आणि विद्या अशी लागोपाठ पाहावयास मिळाल्यावर कुस्तीतील डाव व कुरघोडी यांची पारख असलेल्या या गावात दोन तट पडले नसते तरच नवल. अर्जेंटिनाशी कोल्हापूरचे जे सख्य पुढे दृढ झाले त्याचे मूळ बऱ्याच अंशी त्या स्पर्धेत शोधावे लागते. २९ जूनला पश्चिम जर्मनीवर ३-२ असा विजय मिळवून अर्जेंटिनाने चषक उचलला, तेव्हा येथे सोमवार लागून रात्रीचा एक वाजून गेला होता.

पुढे हा प्रघात पडला. १९९४ ची स्पर्धा खुद्द अमेरिकेत झाली आणि अंतिम सामना आपल्याकडे रात्री एकला लागला. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटे खेळ थांबत नाही, मग जाहिरात घालायची कोठे, हा तेथील वाहिन्यांपुढचा यक्षप्रश्न. तो त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळाशेजारी जाहिरातदाराची मुद्रा उमटवून सोडविला. फ्रान्समधील १९९८ चा आणि ब्राझीलमधील २०१४ चा अंतिम सामना, दोन्ही आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला. दरम्यान उपग्रह वाहिन्या आल्या, युरोपातील क्लबांचे सामने वर्षभर दिसू लागले, आणि चॅम्पियन्स लीगचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडच्या सुमारास सुरू होतो हे वेळापत्रक येथील महाविद्यालयीन पोरांना परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा पक्के पाठ झाले. “मॅच किती वाजता हाय रं?” या प्रश्नाला “दीडला” असे उत्तर मिळाले, तर तो दुपारचा दीड नव्हे हे सांगावे लागत नाही.

विश्वचषकाच्या दिवसांत पेठांतून अर्जेंटिना, ब्राझील, पोर्तुगाल, जर्मनी यांचे ध्वज फडकतात, आवडत्या खेळाडूंचे फलक उभे राहतात, आणि एकेका तरुण मंडळाचा एकेका देशाशी जणू तहनामा झालेला असतो. चौकात पडदा लावायचा तर पोलीस ठाण्यात दरखास्त द्यावी लागते, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास कायद्याने बंदी असल्यामुळे समालोचन बंद ठेवावे लागते. ती उणीव जमलेला समुदाय भरून काढतो, प्रत्येकजण स्वतःच समालोचक होतो, आणि अशा वेळी पंचावर जी शेरेबाजी होते ती कोणत्याही वाहिनीला प्रसारित करणे झेपणार नाही. अलीकडे मोबाइलवर सामना पाहणारे वाढले, तेव्हा आणखी एक मौज उद्भवली आहे. इंटरनेटवरचे चित्र उपग्रहाच्या चित्रापेक्षा काही सेकंद मागे असते, त्यामुळे अंथरुणात पडून एकट्याने सामना पाहणाऱ्याच्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवर असतो, आणि शेजारच्या बोळातून “गोल!” अशी आरोळी उठते. पुढचे पाहण्यात मग राम राहत नाही. चार पायऱ्या उतरून आरोळी आली तिकडे गेलेले बरे, असे त्यालाही वाटू लागते.

अमेरिकेतील गप्पांच्या राजवटीला नेमका येथेच सुरुंग लागला आहे. जे सायंकाळीच मुद्रित झाले आहे ते साडेअकरालाच पाहिले पाहिजे असा आग्रह प्रेक्षकाने धरण्याचे कारण नव्हते. त्यातील पाच मिनिटांचा वेचा दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मोबाइलवर पाहता येतो हे कळताच त्याने लवकर निजणे पसंत केले. सीबीएसने २०२५ च्या जुलैत असे जाहीर केले, की लेटरमनने १९९३ साली उभा केलेला आणि पुढे स्टीफन कोल्बेरकडे आलेला ‘लेट शो’ २०२६ च्या मे महिन्यात कायमचा बंद होईल. कारण म्हणून पैशाचा तोटा सांगण्यात आला, राजकीय दडपणाचीही चर्चा झाली. परंतु घसरण कित्येक वर्षे चालू होती हे कोणी नाकारले नाही. सामन्याचे तसे नाही. निकाल कळल्यावर त्याचे मुद्रण पाहणे म्हणजे उष्टे खाणे, आणि ज्या रात्री सामना झाला त्या रात्री आपण झोपलो होतो असे तालमीच्या कट्ट्यावर कबूल करण्याची छाती फार थोड्यांना होते. अमेरिकेने रात्रीच्या प्रेक्षकाला सोबत देऊ केली. पण ती मुद्रित सोबत असल्यामुळे सकाळपर्यंत लांबणीवर टाकता आली. कोल्हापूरला सोबत चौकातच मिळत होती. वाहिनीने केवळ निमित्त दिले.

२०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्याकडे देण्यात आला तेव्हाच कोल्हापूरच्या त्या उन्हाळ्यातील झोपेचा निकाल लागला. अठ्ठेचाळीस संघ, एकशे चार सामने, आणि त्यांतील पुष्कळसे आपल्या मध्यरात्रीपासून सकाळच्या चहापर्यंत. अंतिम सामन्याची वेळ न्यूयॉर्कनजीक दुपारी तीनची, म्हणजे येथे रात्री साडेबाराची. या हिशेबात कोल्हापूरने नेहमी घेणाऱ्याचीच बाजू सांभाळली असे मात्र आता म्हणता येत नाही. येथील अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, आणि शाहू स्टेडियमवरचे तालमींचे सामने आता यूट्यूबवरून जगात कोठेही दिसतात. जानेवारीत येथे दुपारी चारला सामना सुरू होतो तेव्हा कॅलिफोर्नियात पहाटेचे अडीच वाजलेले असतात. नोकरीनिमित्त तिकडे गेलेला पेठेतला एखादा पोरगा त्या वेळी जागा असला, तर त्याची रात्र कोणत्याही अमेरिकी नेटवर्कच्या वाट्याला जाणार नाही. ती पाटाकडील आणि दिलबहार या दोघांत वाटली जाईल.