मेंदूची वेगळी चूल

माझ्या मावशीने पंच्याहत्तरीत कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. माणसांची नावे तिला पटकन आठवेनाशी झाली होती. त्यात कुणीतरी सांगितले की मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो, गोळीने ते उतरले की स्मरणशक्तीही जाते. "अरे, मेंदूच पातळ करणारं औषध कशाला घ्यायचं?" तिने मला विचारले. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा कळले, की तिला सांगितलेल्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के. शरीरातल्या कोलेस्टेरॉलपैकी मात्र २० टक्क्यांहून अधिक एकट्या मेंदूत असते, बहुतेक मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणात. हे कोलेस्टेरॉल रक्तातून आलेले नसते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा एलडीएलच्या कणांना आत सोडत नाही. मेंदूने पहिल्यापासून आपली चूल वेगळी मांडली आहे. लागेल तेवढे स्वतः रांधायचे. तिथला व्यवहारही संथ. रक्तातले कोलेस्टेरॉल काही दिवसांत बदलते, प्रौढ मेंदूतला निम्मा साठा बदलायला अंदाजे ५ वर्षे लागतात.

यकृताचा संसार याहून फार मोठा, आणि वयाचा परिणामही तिथे आधी दिसतो. कोलेस्टेरॉलच्या रेणूचा चार कड्यांचा सांगाडा आपल्या शरीराला फोडताच येत नाही. तो बाहेर टाकायचा तर पित्तावाटे: एक तर पित्ताम्लात रूपांतर करून, नाहीतर आहे तसाच. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८५ साली निरोगी स्त्रीपुरुषांमध्ये दाखवून दिले, की वय वाढते तशी पित्ताम्लांची निर्मिती घटते आणि पित्तात उतरणारे कोलेस्टेरॉल वाढते. ते विरघळवणारे पित्ताम्ल अपुरे पडले की खडे धरतात. (हा पदार्थ प्रथम सापडला तोही पित्ताच्या खड्यांतच. त्याचे नामकरण करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल १७८६ साली जन्मले आणि १०२ वर्षे जगले!)

दुसरा बदल यकृतपेशींच्या पृष्ठभागावरचा. रक्तातला एलडीएलचा कण आत ओढून घेणारे ग्राही तिथे असतात. ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. उतारवयात एलडीएल रक्तातून उचलण्याचा वेग मंदावतो. ग्राहींना इस्ट्रोजेनचा आधार असतो, त्यामुळे पाळी गेल्यावर बायकांचा आकडा चढतो. "चाळीस वर्षं तेच जेवतेय, मग आत्ताच कसं वाढलं?" ही मावशीची जुनी तक्रार. जेवण तेच होते, निचरा कमी झाला होता.

निचऱ्याची अडचण मेंदूलाही आहेच. त्याने कोलेस्टेरॉल बाहेर काढायचे कसे? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले इंगेमार ब्योर्खेम आणि त्यांचे सहकारी यांनी याचा माग काढला. मेंदूतल्या चेतापेशी त्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडतात. असा रेणू पडद्यातून निसटतो आणि रक्तातून यकृताकडे जातो. दिवसाला जेमतेम ६-७ मिलिग्रॅम. अंड्याच्या एका बलकात याच्या सुमारे तीसपट कोलेस्टेरॉल असते. म्हणजे चूल वेगळी, पण मोरी यकृताचीच.

म्हातारपणी या चुलीची आच मंदावते. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात कोलेस्टेरॉल तयार होण्याचा वेग वयोमानाने घटलेला आढळतो. प्रौढ मेंदूत चेतापेशी बरीचशी शेजारच्या ताराकृती पेशींवर विसंबून असतात. त्या कोलेस्टेरॉल तयार करतात आणि एपीओई नावाच्या प्रथिनावर लादून पोचवतात. या प्रथिनाचा 'ई४' हा प्रकार ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांना अल्झायमरचा धोका अधिक, हे १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून पुढे आले. मला वाटते, स्मृती आणि कोलेस्टेरॉल यांचा खरा धागा इथे, या वाहतुकीत आहे; रक्ताच्या रिपोर्टात नाही.

मग गोळीचे काय? स्टॅटिन घेणाऱ्या काहींना विसराळूपणा जाणवतो आणि औषध थांबवल्यावर तो जातो, अशी नोंद अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१२ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावली. तेव्हा मावशीची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पण ७० ते ८२ वयाच्या ५,८०० जणांवरची चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात खरी गोळी आणि खोटी गोळी घेणाऱ्यांच्या स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या, ब्रिटनमधल्या २० हजारांवर लोकांच्या चाचणीतही दिसला नाही. तिथे पक्षाघाताचे प्रमाण मात्र चौथ्या हिश्शाने घटले. मेंदू कोलेस्टेरॉल स्वतःचे वापरतो, पण त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या सगळ्या शरीराच्याच आहेत, आणि रक्तातले एलडीएल त्या नळ्यांत साचते.

हे सगळे मी मावशीला सांगितले आणि तिला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी न रागावता ऐकून घेतले. गोळी पुन्हा सुरू झाली, मात्रा थोडी कमी करून. नावे ती अजूनही विसरते. परवा नवा रिपोर्ट आला तेव्हा चष्मा लावून तिने एकेक आकडा वाचला आणि विचारले, "यातला मेंदूचा कुठला रे?"

"एकही नाही," मी म्हणालो.