तंबोरा कुणाचा?

बँकेत पस्तीस वर्षं मी लोकांच्या कर्जाच्या अर्जांवर ‘सदर यंत्रसामग्रीची आवश्यकता स्पष्ट करावी’ असा शेरा मारत आलो. निवृत्तीनंतर तोच शेरा मला घरात ऐकावा लागला. “अहो, या स्पीकरांची आवश्यकता स्पष्ट करा,” सौ. म्हणाली. रक्कम सहा आकडी होती, तेव्हा प्रश्न रास्तच होता.

कारण होतं आमच्या मिरजेच्या जुन्या घराचा दिवाणखाना. ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि उंचीही जवळजवळ १५ फूट. रविवारी दहा-बारा मंडळी गाणं ऐकायला जमतात. माझे फूटभर उंचीचे जुने स्पीकर पुण्याच्या फ्लॅटमध्ये झकास गायचे, इथे मात्र ते शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावल्यासारखे वाटायला लागले. त्यांचा तरी काय दोष? बीबीसीचा तो नामांकित एलएस ३/५ए स्पीकरसुद्धा मुळात प्रक्षेपणाच्या गाडीतल्या टीचभर जागेसाठी घडवलेला. दिवाणखाना भरायचं काम त्याचं नव्हे.

दुकानात गेलात की विक्रेता वॅटची भाषा बोलतो. खरा आकडा असतो संवेदनशीलतेचा, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर आवाज किती मिळतो त्याचा. दर ३ डेसिबलला अँप्लिफायरची ताकद दुप्पट लागते. ९५ डेसिबलच्या स्पीकरला २५ वॅट पुरतात तिथे ८६ डेसिबलचा स्पीकर २०० मागतो. हे कळलं तेव्हा मला मूळ कर्जापेक्षा व्याज जड होणारे कितीतरी खातेदार आठवले. पॉल क्लिप्श यांचा कर्ण्याचा स्पीकर या हिशेबात फार काटकसरी, पण त्याला खोलीचे कोपरे लागतात. आमच्या एका कोपऱ्यात माजघराचं दार आहे आणि दुसऱ्यात सासूबाईंचं कपाट. दार एकवेळ हलेल.

मग खोलीनेच आडमुठेपणा सुरू केला. १५ फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ३७ आणि ७५ हर्ट्झचे सूर घुमतात. उंचीही तेवढीच, म्हणजे छत आणि जमीन तेच सूर घुमवणार. लांबी बरोबर दुप्पट, म्हणून तीही त्यातच भर घालणार. डग्ग्याची मींड त्या टप्प्यात आली की तबलजी गेला आणि विहिरीत घागर पडली असं वाटायचं. याला महागडा स्पीकर हा इलाज नव्हे. उलट तो जितका खाली उतरतो तितकी घागर मोठी. उपाय साधे निघाले: स्पीकर भिंतीपासून पुढे ओढायचे आणि खुर्च्या खोलीच्या मधोमध ठेवायच्या नाहीत.

वरच्या सुरांच्या प्रतिध्वनीवर मात्र गाद्या चालतात. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबीन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक घुमणारं व्याख्यानगृह सुधारायचं काम आलं. तो रात्री सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजायचा. आम्ही गोधड्या आणि पुस्तकांची दोन कपाटं लावली. माझ्या न खपलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती अखेर कामी आल्या.

एका विक्रेत्याने अनामत घेऊन दोन जोड्या टेम्पोतून घरी पाठवल्या. परीक्षा सौ.ने घेतली. ती एके काळी गायची. तिचा तंबोरा मिरजेतच बनलेला. घोडी आणि तार यांच्यात सूत सरकवून जवारी लागली की एका तारेतून वरच्या सुरांची जी मोहोळं उठतात, ती नीट उमटवणं ही स्पीकरची खरी कसोटी. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. कधी ती स्वतः तंबोरा छेडायची, कधी त्याचंच ध्वनिमुद्रण आळीपाळीने दोन्ही जोड्यांवर लावायची. मी ओळखायचं.

मला तिन्ही सारखेच वाटले.

ती हसली नाही, तेव्हा मी घाबरलो. आठवडाभराने कानाच्या डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला. ४००० हर्ट्झच्या पुढे माझी रेषा घाटासारखी खाली उतरत गेलेली. वयाप्रमाणे असं होतं म्हणाले. ज्या सुरांसाठी एवढा पैसा घालायचा ते सूर माझ्या कानांना जेमतेमच पोचत होते. परत येताना रिक्षात मी म्हणालो, “जुनेच राहू देत.”

“का? मला येतात ना ऐकू,” ती म्हणाली.

संध्याकाळी तिने दोन्ही जोड्या पुन्हा एकदा ऐकल्या आणि स्वस्तातली निवडली. मन्सूरांची एलपी लावली, माझी खुर्ची दोन हात पुढे ओढली. “महागडीत जवारी आहे त्यापेक्षा जास्तच चमकते. तंबोरा असा बोलत नाही.”

“आणि हिच्यात?”

“हिच्यात सूत जागेवर आहे.”

न वाचलेल्या कागदावर मी नोकरीत कधी सही केली नव्हती. चेकबुक काढलं आणि रक्कम तिलाच भरायला सांगितली.