विश्लेषण : किहीमचे ‘केहिमकर’, चौलचे ‘चेऊलकर’… कोकणातली ही दुर्मीळ आडनावे इस्रायलपर्यंत कशी पोहोचली?

‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा आठवतात? १९५४ सालच्या त्या चित्रपटातल्या भूमिकेसाठी डेव्हिड यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढच्या पिढीने त्यांना ‘गोलमाल’मधले डॉ. केदार म्हणून ओळखले. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नुसते ‘डेव्हिड’ असे येई. त्यांचे पूर्ण नाव होते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. या ‘चेऊलकर’मधले चेऊल म्हणजे रायगड जिल्ह्यातले, अलिबाग तालुक्यातले चौल.

चौलपासून किनाऱ्याने उत्तरेला गेले की अलिबाग ओलांडून किहीम लागते. मुंबईकरांना ते शनिवार-रविवारच्या सहलीमुळे माहीत आहे. पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याचा गाजलेला अभ्यास याच गावात केला. या किहीमवरून आलेले आडनाव म्हणजे ‘केहिमकर’. भारतातल्या फुलपाखरांवर २००८ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज’ हा ग्रंथ लिहिणारे आयझॅक केहिमकर यांच्यामुळे निसर्गप्रेमींना हे आडनाव ओळखीचे आहे. एरवी ते फारसे कानावर पडत नाही.

चेऊलकर आणि केहिमकर ही दोन्ही आडनावे बेने इस्रायल समाजातली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची आहेत. कोकणातल्या शंभराहून अधिक गावांची नावे या समाजाच्या आडनावांत सापडतात. अशा प्रत्येक आडनावाची माणसे मात्र थोडीच असतात.

एवढी गावे आणि इतकी थोडी माणसे, असे का?

या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज ज्या जहाजातून येत होते, ते अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांचे मृतदेह नवगावातच पुरले गेले आणि तिथे आज स्मारक आहे. ही घटना कधीची, यावर मतभेद आहेत. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ती इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली मानली. अनेक अभ्यासक इतके मागे जायला तयार नाहीत. (समुद्रातून आलेल्या चौदा जणांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीबाबतही सांगितली जाते, हे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही.) २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले. दोन्हींची सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली असावी, असा त्यातला अंदाज आहे.

आडनावांच्या दृष्टीने जहाजापेक्षा महत्त्वाचा आहे तो तेलाचा घाणा. कोकणात स्थिरावलेल्या या लोकांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. लहान गावाला लागणारे तेल एक-दोन घाण्यांतून सहज निघते. तिथे तेल्याची दहा घरे असतील तर दहाही घरांना पुरेसे काम मिळणार नाही. त्यामुळे धंद्यासाठी पांगणे भाग होते. इथे दोन घरे, पलीकडच्या गावात तीन, अशी वस्ती विखुरत गेली.

अलिबाग आणि आसपासच्या तालुक्यांचा नकाशा समोर घेऊन ही आडनावे मांडली की चित्र स्पष्ट होते. किहीमचे केहिमकर, शेजारच्या आवासचे आवासकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर, पेझारीचे पेझारकर, पेण तालुक्यातल्या वाक्रूळचे वाक्रुळकर, रोह्याचे रोहेकर, कुंडलिका नदीच्या पलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर, मुरूडजवळच्या राजपुरीचे राजपूरकर, श्रीवर्धन तालुक्यातल्या गालसुऱ्याचे गालसुरकर. काही ठिकाणी तर दोन आडनावांमधले अंतर तासाभराच्या चालीचे आहे.

आडनाव लावायची वेळ कधी आली?

किहीममध्ये राहणाऱ्याला कुणी ‘किहीमचा’ म्हणत नाही. तिथे सगळेच किहीमचे. गावात माणूस स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने ओळखला जाई. ही नावेही मराठी वळणाची होती. सॅम्युएलचे सामाजी, इझिकेलचे हसाजी, अब्राहमचे अबाजी, बेंजामिनचे बनाजी. ‘कर’ची गरज पडते ती गाव सोडल्यावर, दुसऱ्या एखाद्या सामाजीपासून वेगळे ओळखू येण्यासाठी. म्हणून अशा आडनावातून कुटुंब कुठे राहते ते कळत नाही, कुठून निघाले ते कळते.

अठराव्या शतकात ही कुटुंबे मुंबईकडे सरकू लागली. कंपनी सरकारच्या पलटणींत, गोदीत, सुतारकामात, गवंडीकामात आणि पुढे कचेऱ्यांत त्यांना काम मिळाले. कंपनीच्या सैन्यातले अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यावर त्यांनी ते बांधले, अशी कथा आहे. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाच्या नावाचा संबंधही या वास्तूशी जोडला जातो. सैन्यात भरती झालेला सामाजी हसाजी नोंदवहीत ‘दिवेकर’ होतो, तेव्हा कोकणातले एक गाव कायमचे कागदावर येते.

हीच नावे पुढे रेल्वेने आणि बोटीने दूर गेली. कराचीतले ‘मागेन शालोम’ सिनेगॉग १८९३ मध्ये उभारणारे सॉलोमन डेव्हिड उमरडेकर तिथल्या नगरपालिकेत सर्वेक्षक होते. हे सिनेगॉग १९८० च्या दशकात पाडले गेले. मुंबईचे डॉक्टर अब्राहम एरूलकर यांची कन्या लीला यांचा विवाह ग्लाफ्कोस क्लेरिडीस यांच्याशी झाला. क्लेरिडीस १९९३ ते २००३ या काळात सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष होते, म्हणजे त्या देशाच्या ‘फर्स्ट लेडी’चे माहेरचे आडनाव ‘कर’ने संपणारे होते.

‘केहिम’ की ‘किहीम’?

गाव किहीम असताना आडनाव केहिमकर कसे? चौलचे चेऊलकर कसे? गावाचे नाव गावकऱ्यांच्या तोंडी रोज असते, त्यामुळे ते हळूहळू बदलू शकते आणि एका टप्प्यावर सरकारी दप्तरात पक्के होते. आडनाव मात्र कुटुंबाने गाव सोडले तेव्हाच्या उच्चारात किंवा पहिल्यांदा लिहून घेणाऱ्या कारकुनाच्या स्पेलिंगमध्ये अडकून राहते. चौलचे जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘चेऊल’ असे स्पेलिंग सापडते. डेव्हिड यांच्या आडनावात तेच राहिले.

‘कर’ आहे म्हणून माणूस ज्यू, असा उलटा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर ही आडनावे हिंदू कुटुंबांतही आहेत. गाव एकच असल्याने आडनाव एकच, एवढाच त्याचा अर्थ. धर्माचा उलगडा होतो तो आधीच्या दोन नावांवरून.

हाईम सॅम्युएल केहिमकर कोण होते?

या आडनावाला वजन मिळवून दिले ते या एका माणसाने. १८७५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या इस्रायली शाळेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. हीच शाळा पुढे सर एली कदुरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. समाजाच्या चालीरीती, प्रार्थना, नावे, आडनावे आणि त्यांची गावे अशी जमेल तेवढी माहिती त्यांनी गोळा केली. १८९७ पर्यंत इंग्रजी हस्तलिखित तयार होते, पण ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. इमॅन्युएल ओल्सव्हँगर या अभ्यासकाच्या संपादनाखाली ‘द हिस्टरी ऑफ द बेने इस्रायल ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही मुंबईत नव्हे तर तेल अवीवमध्ये. इस्रायल राष्ट्र स्थापन व्हायला तेव्हा ११ वर्षे बाकी होती. समाजातली बहुसंख्य कुटुंबे कोकणात आणि मुंबईत असतानाच किहीमचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून तेल अवीवला पोहोचले होते.

इस्रायलमध्ये आडनाव उपयोगी पडले का?

१९४८ नंतर स्थलांतराचा वेग वाढला. बीरशेबा, दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा शहरांत मराठी कानावर पडू लागली. पण तिथे या लोकांपुढे अनपेक्षित पेच उभा राहिला. कोकणात शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिलेल्या या समाजाचे विवाह आणि घटस्फोट ज्यू धर्मशास्त्रानुसार झाले होते का, अशी शंका काही धर्मगुरूंनी घेतली. फेब्रुवारी १९६२ मध्ये प्रमुख धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या: बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह इतर ज्यूशी होत असेल तर आईकडच्या वंशाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी.

आता रोह्याच्या किंवा किहीमच्या पणजीच्या आईचा दाखला कुठून आणायचा? हाताशी होते ते आडनाव, आणि ते नेमके इथेच कमी पडले. ते वडिलांकडून येते, चौकशी आईची होती. कुटुंब कोणत्या गावचे, एवढेच ते सांगू शकत होते. जेरुसलेममध्ये मोठी आंदोलने झाली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, नेसेटने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, अशी भूमिका घेतली आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. या वादाची कटुता जुन्या पिढीच्या बोलण्यात दीर्घकाळ राहिली.

मग ही आडनावे आणखी दुर्मीळ का होत आहेत?

भारतातली संख्या घटली, हे उघड कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ज्यूंची संख्या सुमारे अडीच हजार होती. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण आडनाव गळण्याची प्रक्रिया स्थलांतराच्या आधीच सुरू झाली होती. इंग्रजी शाळा आणि कचेऱ्यांत वडिलांचे नाव हेच आडनाव म्हणून लावले जाऊ लागले. इझिकेल, सॅम्युएल, मोझेस, बेंजामिन ही आडनावे अशी आली. व्यवहाराला ती सोपी, पण कुटुंब पेणचे की चौलचे, ते त्यातून कळत नाही.

इस्रायलमध्ये भर पडली ती लिपीची. हिब्रूत रोजच्या लेखनात बहुतेक स्वर लिहिले जात नाहीत, शिवाय ‘ण’ आणि ‘ळ’ हे ध्वनीच त्या भाषेत नाहीत. त्यामुळे ‘पेणकर’ हिब्रूत लिहिले की प-न-क-र अशी चार अक्षरे उरतात. ज्याला पेण माहीत नाही, तो ती पानकर वाचेल, पिनकर वाचेल किंवा आणखी काही. ‘वाक्रुळकर’चा ‘ळ’ तर हमखास जातो. त्यात नवे राष्ट्र घडवताना हिब्रू नावे घेण्याचा आग्रह होता. पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांनी स्वतःचे मूळ ‘ग्र्यून’ हे आडनाव बदलले होते.

तरीही अनेक कुटुंबांनी ‘कर’ सोडलेला नाही. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. तिथून कोकणात येणारी कुटुंबे नवगावचे स्मारक पाहतात, अलिबागच्या इस्रायल आळीतल्या ‘मागेन आबोथ’ सिनेगॉगमध्ये जातात आणि मग आडनावातले गाव शोधायला निघतात. रोहेकर आणि पेणकर यांचे काम सोपे असते. त्यांची गावे रस्त्यावरच्या पाट्यांवरच दिसतात. अष्टमकरांना रोह्यात पोहोचून नदी ओलांडावी लागते. आणि केहिमकरांनी मोबाइलच्या नकाशात ‘केहिम’ ऐवजी ‘किहीम’ टाकायचे असते.