मधला दांडा

जुन्या गाडीत पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचं ठरलं, की पुढचे कित्येक महिने बोलणं त्या गिअरबॉक्सचंच चालतं. कुठला घ्यायचा, कितीला मिळेल, क्लचचं काय करायचं, गिअरची दांडी जुन्याच भोकातून वर येईल का. गिअरबॉक्स आणि मागची चाकं यांच्यामध्ये, गाडीच्या पोटाखाली, एक पोकळ लोखंडी नळी फिरत असते. तिची आठवण होते तेव्हा गाडी स्टँडवर चढलेली असते, खिसा हलका झालेला असतो आणि जुना शाफ्ट एक तर लांब पडलेला असतो, नाहीतर आखूड. हाच तो प्रोपेलर शाफ्ट. अमेरिकन माणूस त्याला ड्राइव्हशाफ्ट म्हणतो.

माझ्या मते अशा कामात गिअरबॉक्सपेक्षा जास्त डोकं या दांड्याला लागतं. गिअरबॉक्स कॅटलॉग बघून मागवता येतो. शाफ्टचं माप मात्र तुमच्याच गाडीखाली आडवं होऊन घ्यावं लागतं.

उदाहरण म्हणून १९६५ची फोर्ड मस्टँग घेऊ, कारण या प्रकारची अदलाबदल जगात बहुधा हिच्यावर सर्वांत जास्त झाली आहे. १७ एप्रिल १९६४ला ही गाडी लोकांसमोर आली आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. तीन गिअर, चार गिअर किंवा सी-४ नावाचा ऑटोमॅटिक, एवढीच निवड तेव्हा होती. वरचा गिअर सगळ्यांत १:१, म्हणजे इंजिन जेवढं फिरेल तेवढाच शाफ्ट फिरणार. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.०० असेल, तर ताशी ११२ किलोमीटरला, म्हणजे अमेरिकन हायवेच्या ७० मैलांना, इंजिन मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या आसपास ओरडत असतं. त्या काळी पेट्रोल स्वस्त होतं आणि कान तरुण होते, त्यामुळे ते चाललं.

मग १९८३च्या मस्टँगमध्ये बोर्गवॉर्नरचा टी-५ हा गिअरबॉक्स आला. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह, बऱ्याच गाड्यांत ०.६८चा. त्याच वेगाला इंजिन १,९००वर उतरतं. या गाड्या पुढे भंगारात जाऊ लागल्या, तसे त्यांचे गिअरबॉक्स साठच्या दशकातल्या मस्टँगच्या पोटात शिरू लागले. गिअरबॉक्सला मागून आधार देणारा क्रॉसमेंबर बदलावा लागतो, क्लचची जोडणी करावी लागते. आणि मग येतो शाफ्ट.

इथे फोर्डवाल्यांचं नशीब चांगलं आहे. शाफ्टच्या पुढच्या टोकाला स्लिप योक असतं. हे योक गिअरबॉक्सच्या शेपटीतल्या दातेरी दांड्यावर, म्हणजे स्प्लाइनवर, मागेपुढे सरकत राहतं. सी-४ला २८ स्प्लाइन आणि फोर्डच्या टी-५लाही २८च, त्यामुळे जुनं योक नव्या गिअरबॉक्सवर चढतं आणि पुष्कळदा जुना शाफ्टही जसाच्या तसा बसतो. पण ‘टी-५’ एवढंच नाव वाचून जनरल मोटर्सच्या कॅमॅरोतून काढलेला गिअरबॉक्स उचललात, तर फसलात. त्यांच्या टी-५ला २७ स्प्लाइन असतात. ट्रेमेकच्या दणकट टीकेओला ३१ असतात, त्याला फोर्डच्याच मोठ्या सी-६ ऑटोमॅटिकचं योक लागतं. भंगारवाल्याकडे जाताना गिअरबॉक्सचं नाव पाठ करून उपयोग नाही. दाते मोजून जा.

मागच्या टोकाची गोष्ट वेगळी. सहा सिलिंडरच्या मस्टँगला चाकाला चार बोल्ट, हलका अ‍ॅक्सल आणि तसाच बारीक शाफ्ट. व्ही-८ला पाच बोल्ट आणि ८ इंची अ‍ॅक्सल. सहाची गाडी घेऊन तिला आठची करणारे बरेच असतात. इंजिन बदलतात, गिअरबॉक्स बदलतात आणि अ‍ॅक्सल आणि शाफ्ट जुनेच ठेवतात. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, पहिल्या जोरदार स्टार्टला शाफ्टच काय ते बोलतो.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना जो सांधा असतो त्याचा इतिहास मोठा आहे. सोळाव्या शतकातला इटलीचा गणिती जेरोलामो कार्दानो याचं नाव त्याला चिकटलं. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने त्याच्या चालीचा अभ्यास केला. मोटारीत तो नीट बसवण्याचं श्रेय क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन माणसाचं. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्याने यावर काम केलं, १९०३मध्ये पेटंट मिळवलं आणि १९०४मध्ये न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डला उत्पादन सुरू केलं. त्यापूर्वी बऱ्याच मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालत. साखळी चिखल खायची, ताणली जायची, तुटायची. स्पायसरचा सांधा बंदिस्त होता आणि वंगणात राहत होता.

आपल्या गॅरेजमध्ये ज्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात, त्याची मापंही स्पायसरच्या क्रमांकांनीच ओळखली जातात. १३१० हा क्रॉस टोपीपासून टोपीपर्यंत सुमारे ८२ मिलिमीटर रुंद असतो. १३३० सुमारे ९२ मिलिमीटर, पण टोपीचा व्यास दोघांचा एकच, २७. १३५०ची रुंदी १३३० एवढी आणि टोपी ३०ची. शाफ्ट एका गाडीचा आणि अ‍ॅक्सल दुसऱ्या गाडीचा असेल, तर बहुतेक वेळा दोन टोकांची मापं जुळत नाहीत. यावर उपाय तयार मिळतो: एका बाजूने १३१० आणि दुसऱ्या बाजूने १३३० असा जोड-क्रॉस. तात्पुरतं म्हणून तो लावतात आणि मग वर्षानुवर्षं तोच चालतो. मला त्यात काही गैर वाटत नाही, फक्त पेटीत एक जादा ठेवावा. रात्री रस्त्यात अडकलात, तर तो शेजारच्या दुकानात मिळणारा नाही.

आता माप. गाडी जॅकवर टांगलेली असताना घेतलेलं माप चुकीचं येतं. अ‍ॅक्सल खाली लोंबतो, पाट्यांची कमान सैल पडते आणि अंतर बदलतं. गाडीचं वजन चाकांवर हवं, म्हणजे खड्डा किंवा रॅम्प हवा. योक पूर्ण आत ढकलायचं, मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढायचं आणि त्याच्या सांध्याच्या मध्यापासून मागच्या सांध्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. ती पाऊण इंचाची जागा चाक खड्ड्यात गेल्यावर योकला सरकायला लागते. ती ठेवली नाही, तर योक गिअरबॉक्सच्या आत जाऊन ठोकतं आणि बेअरिंगचा जीव जातो. फार ठेवली, तर स्प्लाइनची पकड अपुरी पडते. हे माप क्रॉसमेंबरचे बोल्ट आवळल्यानंतरच घ्यायचं.

माप हातात आलं की शाफ्ट मिळवण्याचे रस्ते तीन. स्वतःचा कापून घेणं, भंगारातला दुसऱ्या गाडीचा शोधणं किंवा नवा बनवून घेणं. अमेरिकेत गंमत भंगारात आहे. तिथल्या कित्येक यार्डांत स्वतःचे पाने घेऊन जायचं, गाडीखाली झोपायचं आणि हवं ते सोडवून आणायचं. मस्टँगवाल्यांचा डोळा क्राउन व्हिक्टोरियाच्या, म्हणजे अमेरिकन पोलिसांच्या जुन्या गस्ती गाडीच्या, अ‍ॅल्युमिनियम शाफ्टवर असतो. हलका आणि मजबूत. मात्र अ‍ॅल्युमिनियमची नळी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे द्यायची नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा भाग मऊ पडतो. ते काम ज्याचं रोजचं आहे त्यालाच द्यावं.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. लांब दांडा ठरावीक वेगाला मधोमध धनुष्यासारखा वाकून फिरू लागतो, तो त्याचा क्रिटिकल स्पीड. तीन इंच व्यासाची, ५० इंच लांबीची पोलादी नळी मिनिटाला साधारण ७,७०० फेऱ्यांना तिथे पोचते. लांबी ६० इंच केली की हा आकडा ५,४००वर येतो, कारण तो लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अ‍ॅल्युमिनियम लावलं की ही मर्यादा आपोआप वाढते, असं लोक समजतात. पण अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, तसाच त्याचा ताठपणाही एक तृतीयांश. हिशेब जवळपास फिटतो. फायदा होतो तो हलकेपणामुळे जाडजूड व्यासाची नळी परवडते म्हणून.

आणि ओव्हरड्राइव्हवाले ज्यात अडकतात ती गोष्ट अशी. पाचवा गिअर इंजिनाला शांत करतो, शाफ्टला नाही. गाडीच्या एका वेगाला शाफ्ट किती फिरणार, हे फक्त मागच्या अ‍ॅक्सलवर आणि टायरवर ठरतं. मस्टँगच्या टायरवर ताशी १०० किलोमीटरला २.८०च्या अ‍ॅक्सलने शाफ्ट सुमारे २,३४० फिरतो. आता पाचवा मिळालाच आहे, तर पळायला मजा यावी म्हणून मालक अ‍ॅक्सल बदलून ३.५५ करतो. इंजिन कुरकुर करत नाही, पण शाफ्ट त्याच वेगाला २,९७०वर गेलेला असतो आणि १६०ला ४,७५०च्या घरात. क्रिटिकल स्पीडच्या पाऊण भागाच्या आत राहावं असा संकेत आहे. मस्टँगच्या आखूड शाफ्टला हे सहज जमतं. लांब सेडानला जमत नाही, तिथे दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मधे सेंटर बेअरिंग हवं. जुना शाफ्ट ज्या किंचित असमतोलासह चाळीस वर्षं गुपचूप फिरला, तोच आता सीटखाली थरथरू लागतो. म्हणून कापला की बॅलन्सिंग आलंच, मशीनवर, फिरवून.

कोनाचं थोडक्यात. सांधा तिरपा असला की एका फेरीत मागचा दांडा दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. तीन अंशांना हा फरक हजारात दीड भागाहून कमी असतो, दहा अंशांना शेकड्यात दीड. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे आणि एकमेकांच्या उलट असले की पुढच्याने केलेली गडबड मागचा निस्तरतो. यासाठी दोन्ही टोकांची योक एका रेषेत वेल्ड झालेली हवीत. कोन अगदी शून्यही नको, नाहीतर क्रॉसच्या टोपीतल्या बेअरिंगच्या सुया जागच्या जागी खड्डे पाडतात.

आपल्याकडे मस्टँग कमी, पण प्रश्न तोच. नव्वदच्या दशकात अँबॅसिडरला इसुझूचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले, तेव्हापासून जुन्या अँबॅसिडरवाल्यांचं मन त्यात आहे. भारतात सोय अशी की ट्रकच्या शाफ्टची कामं करणारी वर्कशॉप जागोजागी आहेत. कुर्ल्याच्या भंगारात, पुण्याच्या नाना पेठेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी केली, तर नळी, योक आणि क्रॉस जुळवून देणारा माणूस भेटतो. त्याला एकच गोष्ट ठासून सांगावी लागते: लेथवर सरळ फिरला म्हणजे बॅलन्स झाला, असं नाही.

आणि मूळ शाफ्ट त्याच्या हातात देऊ नका. कापायला भंगारातला दुसरा द्या. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, मुदत दहा वर्षांची आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. गिअरबॉक्सचं नाव त्या यादीत नाही, पण ‘मूळ स्वरूप’ हे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ लावणारा माणूस टेबलापलीकडे बसलेला असतो. जुना गिअरबॉक्स तेल भरून, तोंडं बंद करून ठेवलेला असेल आणि त्याच्या मापाचा न कापलेला शाफ्ट शेजारी आडवा, सरळ पडलेला असेल, तर एका शनिवार-रविवारात गाडी पुन्हा होती तशी करता येते.