पडदा झोपला, काटा जागा

कापसाच्या हंगामात वणी-पांढरकवड्याकडच्या जिनिंगच्या काट्यावर रात्री उशिरापर्यंत गाड्या लागलेल्या असतात. दोन गाड्यांमध्ये थोडी उसंत मिळाली की केबिनमधला स्क्रीन काळा पडतो. संगणक मात्र जागाच असतो, सीरियल पोर्टवरून वजनाचे आकडे येतच राहतात. प्रोग्रामने ते वाचत राहावं, पण कुणी पाहत नसताना रंगवत बसू नये. त्यासाठी स्क्रीन झोपलाय हे त्याला कळायला हवं.

पुष्कळ जण सोपी वाट धरतात: दहा मिनिटं माउस हलला नाही, म्हणजे स्क्रीन बंद. हा नुसता अंदाज. व्हिडिओ चालू असेल तर माउसला हात न लावताही स्क्रीन तासभर जागा राहतो, आणि सेटिंग दोन मिनिटांचं असेल तर तो केव्हाच झोपलेला असतो.

त्यापेक्षा स्क्रीन बंद करणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारावं. विंडोज ८ पासून त्याची नीट सोय आहे. ‘रजिस्टर पॉवर सेटिंग नोटिफिकेशन’ या फंक्शनला आपली विंडो आणि ‘कन्सोल डिस्प्ले स्टेट’चा ठरलेला ओळखक्रमांक (जीयूआयडी) द्यायचा. मग स्थिती बदलली की विंडोकडे ‘पॉवर ब्रॉडकास्ट’चा मेसेज येतो: ० म्हणजे बंद, १ चालू, २ मंद. नोंदणी होताच सध्याची स्थितीही मिळते. २ आला म्हणून काम आवरतं घेऊ नये. समोर माणूस बसलेला असू शकतो. मॅकवर ‘एनएसवर्कस्पेस’ अशीच सूचना देतं. लिनक्सच्या एक्स११मध्ये डीपीएमएसची स्थिती विचारता येते.

डीपीएमएस हे मॉनिटरची वीज वाचवण्यासाठीचं व्हेसा संस्थेचं १९९३चं मानक. आडवा आणि उभा सिंक सिग्नल थांबवला की मॉनिटर झोपतो, इतकी साधी युक्ती. पण व्हीजीए केबलवर हा निरोप एकाच दिशेने जातो. कुणी मॉनिटरचं बटण दाबून तो बंद केला, तर संगणकाला पत्ताच लागत नाही आणि प्रोग्राम खुशाल १ समजून चालतो. काही डिस्प्लेपोर्ट मॉनिटर याउलट, बटण दाबताच केबल उपटल्यासारखे गायब होतात.

म्हणून चाचणी बटणाने घेऊ नये. पॉवर सेटिंगमध्ये स्क्रीनची वेळ एक मिनिट करावी, संगणकाच्या झोपेची वेळ वेगळी असते, ती ‘नेव्हर’वर ठेवावी. नाहीतर काट्याचं वाचनही थांबेल. मग हात बाजूला घ्यावा आणि नंतर प्रोग्रामची लॉग फाइल उघडून पाहावं: ० उमटला का, आणि त्याच्या पुढच्या ओळींत वजनं येत राहिली का.