८३ काचपेट्यांतली कादंबरी

इस्तंबूलच्या बेयोग्लू भागात चुकुरजुमा नावाची उताराची वस्ती आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठी ती ओळखली जाते. तिथल्या एका गल्लीच्या कोपऱ्यावर १८९७ साली बांधलेलं, अंगानं अरुंद, गडद लाल रंगाचं घर आहे. १९७०-८०च्या काळात फ्युसुन केस्किन नावाची मुलगी इथे आईवडिलांबरोबर राहत होती. राहत होती ती कादंबरीत. पण आज या घराचं तिकीट काढून आत जाता येतं, तिचा झगा पाहता येतो, तिनं ओढलेल्या सिगारेटींची थोटकं मोजता येतात.

ओरहान पामुक यांची ‘म्युझियम ऑफ इनोसन्स’ ही कादंबरी तुर्कीत २००८ साली आली. त्याच नावाचं संग्रहालय २८ एप्रिल २०१२ रोजी उघडलं. तारखा पाहून वाटतं, आधी पुस्तक गाजलं आणि मग त्याचं प्रदर्शन मांडलं. तसं झालेलं नाही. पामुक यांनी हे घर १९९०च्या दशकाच्या अखेरीस विकत घेतलं, तेव्हा कादंबरी लिहून व्हायची होती. जुन्या बाजारात फिरून ते मिठाच्या बरण्या, घड्याळं, किल्ल्या, फोटो, कपडे गोळा करत होते. घरी आणून वस्तू टेबलावर ठेवायची आणि तिच्याकडे बघत प्रसंग लिहायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. सुरुवातीला तर पूर्ण कादंबरीच संग्रहालयाच्या सूचीसारखी लिहायचा त्यांचा विचार होता: एकेक वस्तू आणि तिच्याखाली लांबलचक टीप. पुढे तो मोडून त्यांनी सरळ गोष्ट सांगितली. तरी वस्तू आधी आणि वाक्य नंतर, हा क्रम कादंबरीच्या हाडात राहिला आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. श्रीमंत घरातला केमाल साखरपुड्याच्या तोंडावर दूरच्या नात्यातल्या, दुकानात काम करणाऱ्या फ्युसुनच्या प्रेमात पडतो. ती दुरावते, दुसऱ्याशी लग्न करते, आणि हा तिच्या माहेरच्या जेवणाच्या टेबलाला चिकटून बसतो. ४०९ आठवड्यांत १,५९३ वेळा तो तिथे जेवायला जातो. हा आकडा त्यानंच टिपून ठेवलेला. आणि प्रत्येक खेपेला तिथलं काहीतरी खिशात घालून आणतो.

कादंबरीची प्रकरणं ८३, म्हणून काचपेट्यांची योजनाही ८३ची. प्रत्येक पेटीवर प्रकरणाचा क्रमांक आणि नाव. या पेट्या म्हणजे वस्तू ओळीनं लावलेलं कपाट नव्हे. मागे इस्तंबूलचं छायाचित्र किंवा रंगवलेला पडदा, मध्ये तरंगल्यासारख्या टांगलेल्या वस्तू, पुढे एखादा पेला किंवा हातमोजा, आणि हे सगळं उजळवणारा छोटा दिवा. हातभर खोलीत रस्ता, खोली, दुपार, ऋतू बसवलेले असतात. अमेरिकेच्या जोसेफ कॉर्नेल यांनी लाकडी खोक्यांत अशी स्वप्नं मांडली होती, त्यांचं स्मरण इथे होतं. पामुक वयाच्या बाविशीपर्यंत चित्रकार व्हायचं धरून होते, वास्तुकलाही शिकत होते. दोन्ही सोडून ते लेखनाकडे वळले. सोडलेले ते दोन्ही हात या पेट्यांत पुन्हा कामाला लागलेले दिसतात. शेजारून बोस्फोरसवरच्या बोटींचे भोंगे, समुद्रपक्ष्यांचा कलकलाट कानावर येतो, आणि पाहणारा नकळत पेटीच्या आत जाऊन उभा राहतो.

मला सर्वांत जवळची वाटते ती किसणी. क्विन्स नावाचं पिवळं, तुरट फळ तुर्की घरांत मुरंब्यासाठी किसतात, त्याची साधी किसणी. केमाल ती केस्किनांच्या घरून उचलतो. दिवस १९८०च्या लष्करी उठावानंतरचे. रात्रीच्या संचारबंदीत गाडी अडवली जाते आणि शिपायाची नजर पडते ती नेमकी या किसणीवर. एका देशाचा राजकीय इतिहास स्वयंपाकघरातल्या किसणीच्या दातांवर येऊन थांबतो. लष्कराच्या संग्रहालयात हा उठाव रणगाड्यांनी सांगितला असता. इथे तो घरातल्या माणसाला कळेल अशा मापात सांगितला आहे.

मेल्तेम सोड्याचीही अशीच गंमत. हे फळांच्या चवीचं पेय पामुक यांनी कल्पिलेलं. संग्रहालयासाठी त्याच्या बाटल्या बनवल्या, जाहिरात तयार केली. खऱ्या वस्तूंच्या शेजारी ती खोटी बाटली इतकी सहज बसते, की आपणही लहानपणी ती प्यायलो असू असं तिथल्या वयस्क माणसाला वाटलं तर नवल नाही. दूरदर्शन संचावर बसवलेले चिनी मातीचे कुत्रे पाहताना मलाही आमच्या टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल आणि त्यावरची बाहुली आठवते.

तळमजल्यावरची भिंत मात्र जीव गुदमरवते. ६८व्या प्रकरणाची ही पेटी भिंतभर आहे. ४,२१३ थोटकं, टाचण्यांनी टोचलेली, एकेकाखाली पामुक यांच्या अक्षरात एक ओळ. फुलपाखरं टोचून ठेवतात तशी. काही रागानं चिरडलेली, काही अर्धवट सोडलेली. तिचं मन त्या दिवशी कसं होतं, हे केमाल थोटकाच्या वाकड्या टोकावरून वाचतो. इथे मी केमालवर चिडते. आठ वर्षं समोर बसलेल्या बाईला सिनेमात काम करायचं होतं, ते तिला करू दिलं नाही, आणि तिचे श्वास तेवढे मोजून ठेवले. पामुक यांना हे ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनी ही भिंत दाराशी ठेवली असावी. प्रेम म्हणा, हव्यास म्हणा, आत शिरणाऱ्याला आधी याच्यासमोर उभं राहावं लागतं.

दाराशी पामुक यांचं अकरा मुद्द्यांचं निवेदनही आहे. मोठी संग्रहालयं राष्ट्रांच्या गोष्टी सांगतात, आता लहान, माणसांच्या गोष्टी सांगणारी हवीत, असा त्याचा आशय. २०१४ साली या घराला युरोपातलं वर्षाचं उत्कृष्ट संग्रहालय हा सन्मान मिळाला. २०१६ साली यातल्या तेरा पेट्या लंडनच्या सॉमरसेट हाऊसमध्येही मांडल्या गेल्या.

वर माळ्यावर केमालची खाट आहे. कादंबरीनुसार आयुष्याच्या अखेरीस तो इथे झोपत असे आणि पामुक नावाच्या लेखकाला आपली हकीकत सांगत असे. भिंतीवर पामुक यांची हस्तलिखितं आहेत. खालून वर येईपर्यंत फ्युसुनचे बूट, केसांच्या पिना, कानातलं, सगळं पाहून झालेलं असतं. तिचा चेहरा कुठेच नसतो. तो पामुक यांनी वाचकावर सोडला आहे.

पुस्तकाच्या ८३व्या प्रकरणात एक तिकीट छापलेलं आहे. ते पान उघडून खिडकीत दिलं की आत मोफत सोडतात आणि पानावर शिक्का मारतात. शिक्का फुलपाखराच्या आकाराच्या कानातल्याचा. पहिल्या प्रकरणात, २६ मे १९७५ च्या दुपारी, फ्युसुनच्या कानातून निसटून पडलं होतं ते हेच. पहिल्या पेटीत ते ठेवलेलं आहे, आणि वाचकाच्या पानावरची शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच धरावं लागतं.